शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्ती

शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्ती म्हणजे नैसर्गिक रजोनिवृत्तीचे वय येण्यापूर्वी दोन्ही अंडाशय शस्त्रक्रियेने काढल्यामुळे शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती अचानक घटून उद्भवणारी अवस्था होय. नैसर्गिक रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेनचे प्रमाण काही वर्षांत हळूहळू उतरत जाते; शस्त्रक्रियेनंतर मात्र ते एक-दोन दिवसांतच कोसळते. त्यामुळे या अवस्थेची लक्षणे अधिक तीव्र असतात आणि तिचे दूरगामी परिणाम हाडे, हृदय, मेंदू व मूत्रमार्ग यांवर होतात.

महाराष्ट्रात हा विषय २०१९ साली मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांमुळे सार्वजनिक चर्चेत आला. त्या चर्चेचा केंद्रबिंदू बीड जिल्हा असला, तरी ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर, बालविवाह आणि सरकारी स्त्रीरोग-सेवेची टंचाई ही त्यामागची कारणे शेजारच्या परभणी जिल्ह्यासह मराठवाड्याच्या मोठ्या भागाला लागू पडतात.

संज्ञा आणि गैरसमज

बोलीभाषेत 'पिशवी काढणे' हा एकच शब्दप्रयोग दोन वेगळ्या शस्त्रक्रियांसाठी वापरला जातो. पहिल्या प्रकारात केवळ गर्भाशय काढले जाते आणि अंडाशय शाबूत राहतात. दुसऱ्या प्रकारात गर्भाशयासोबत एक किंवा दोन्ही अंडाशय काढले जातात. दोन्ही प्रकारांत मासिक पाळी कायमची थांबते, म्हणून वरकरणी परिणाम सारखाच भासतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत फरक आहे. पाळीचा रक्तस्राव गर्भाशयातून होतो, तर इस्ट्रोजेन अंडाशयात तयार होते. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, परंतु संप्रेरकनिर्मिती चालू राहते. दोन्ही अंडाशय काढल्यास ती जवळजवळ संपते.

केवळ गर्भाशय काढलेल्या स्त्रियांतही अंडाशयांचे कार्य इतर स्त्रियांच्या तुलनेत काही वर्षे अगोदर मंदावत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. शस्त्रक्रियेमुळे अंडाशयांचा काही रक्तपुरवठा खंडित होणे, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. पाळी आधीच थांबलेली असल्याने अशा स्त्रीला रजोनिवृत्ती केव्हा झाली हे कळत नाही आणि लक्षणांचा संबंध संप्रेरकाशी जोडला जात नाही.

वैद्यकात ४० वर्षांपूर्वीच्या रजोनिवृत्तीला अकाली आणि ४० ते ४५ वर्षांदरम्यानच्या रजोनिवृत्तीला लवकर आलेली रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांत नैसर्गिक रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास, तर पाश्चात्त्य देशांत ते सुमारे ५१ वर्षे आहे.

इस्ट्रोजेनचे कार्य

इस्ट्रोजेन हे एका संप्रेरकाचे नाव नसून एका गटाचे नाव आहे. इस्ट्रोन, इस्ट्राडायॉल आणि इस्ट्रिऑल हे त्यातील प्रमुख घटक होत. जननक्षम वयात इस्ट्राडायॉल सर्वांत प्रभावी असते, गरोदरपणात वार तयार करत असलेल्या इस्ट्रिऑलचे प्रमाण वाढते आणि रजोनिवृत्तीनंतर प्रामुख्याने इस्ट्रोन शिल्लक राहते. या सर्वांची निर्मिती कोलेस्टेरॉलपासून होते. अंडाशयातील पेशी प्रथम पुरुषसंप्रेरके तयार करतात व ॲरोमॅटेज हे विकर त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. हे विकर मेदपेशींतही असते, म्हणून अंडाशय काढल्यानंतरही अल्प प्रमाणात इस्ट्रोजेन तयार होत राहते.

इस्ट्रोजेन रक्तातून शरीरभर फिरते आणि पेशींमधील ग्राहींना जोडले जाऊन जनुकांच्या कार्यावर नियंत्रण ठेवते. असे ग्राही स्तन व गर्भाशयाप्रमाणेच हाडे, रक्तवाहिन्या, यकृत, मेंदू, त्वचा व मूत्राशयातही आढळतात. म्हणूनच इस्ट्रोजेनला केवळ 'पाळीचे संप्रेरक' समजणे अपुरे ठरते. पुरुषांच्या शरीरातही ते आवश्यक असते. इस्ट्रोजेनचा ग्राही जन्मतः निकामी असलेल्या एका पुरुषाची नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. प्रौढ वयातही त्याच्या हाडांची वाढ थांबलेली नव्हती आणि हाडे विरळ झाली होती. हाडांच्या घडणीत स्त्री-पुरुष दोघांनाही इस्ट्रोजेन लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

संशोधनाचा इतिहास

१९२९ साली जर्मनीत ॲडॉल्फ ब्यूटेनान्ट आणि अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ब्यूटेनान्ट यांना १९३९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून मिळवलेले इस्ट्रोजेनचे मिश्रण १९४२ साली अमेरिकेत औषध म्हणून विक्रीस आले.

या उत्साहाच्या काळात काही गंभीर चुकाही घडल्या. १९३८ साली तयार झालेले डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी गरोदर स्त्रियांना अनेक वर्षे दिले गेले. त्या स्त्रियांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे १९७१ साली उघड झाले. इस्ट्रोजेन कोणाला, केव्हा आणि किती द्यावे याचा विवेक आवश्यक असल्याचे या घटनेने दाखवून दिले.

शरीरावरील परिणाम

हाडे: हाड ही सतत झिजणारी व भरून निघणारी ऊती आहे. इस्ट्रोजेन हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. ते कमी झाल्यावर झीज भरणीपेक्षा जास्त होते आणि अस्थिसुषिरता, म्हणजेच हाडांची ठिसूळता, निर्माण होते. मणका, मनगट व खुबा येथील अस्थिभंगाचा धोका वाढतो. पस्तिशीत अंडाशय गमावलेल्या स्त्रीची हाडे नैसर्गिक रजोनिवृत्ती येणाऱ्या स्त्रीपेक्षा दहा-बारा वर्षे अगोदर झिजू लागतात.

हृदय व रक्तवाहिन्या: इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या लवचीक ठेवण्यास आणि घातक कोलेस्टेरॉल मर्यादित ठेवण्यास साहाय्य करते. कमी वयात दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसून आले आहे.

मेंदू व मन: मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्र इस्ट्रोजेनअभावी अतिसंवेदनशील होते. त्यामुळे अंगातून अचानक गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, घाम फुटणे व झोपमोड होणे ही लक्षणे उद्भवतात. चिडचिड, उदासीनता व विस्मरण यांच्याही तक्रारी आढळतात.

मूत्रमार्ग व योनिमार्ग: येथील अस्तर पातळ व कोरडे होते. शरीरसंबंध वेदनादायक होणे, लघवीला वारंवार जावे लागणे आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुनःपुन्हा होणे, ही लक्षणे कालांतराने आपोआप कमी होत नाहीत.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील लक्षावधी मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' असे म्हणतात. मुकादम या जोडीला हंगामापूर्वी 'उचल' देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या मजुरीतून फेडली जाते. कामावर न गेल्यास 'खाडा' धरून दंड आकारला जातो. पाळीच्या दिवसांतही विश्रांती घेणे म्हणजे अंगावरचे कर्ज वाढवणे ठरते. फडाजवळच्या झोपड्यांच्या अड्ड्यावर शौचालय व पुरेसे पाणी नसते. पाळीतील कापड धुण्याची व वाळवण्याची सोय नसते. उसाच्या जड मोळ्या डोक्यावरून वाहाव्या लागतात. यांमुळे अंगावरून पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, ओटीपोटात दुखणे व अतिरक्तस्राव या तक्रारी वाढतात आणि उपचार हंगाम संपेपर्यंत लांबणीवर पडतात.

याला बालविवाहाची जोड आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयोगटातील सुमारे ४८ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या १८ वर्षांपूर्वी झालेला होता. लवकर विवाह, विशीच्या आत बाळंतपणे आणि पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असा क्रम घडल्यावर गर्भाशयाचे 'काम संपले' अशी धारणा कुटुंबात व कधी दवाखान्यातही रूढ होते. कर्करोगाची भीती घातली गेली, की साध्या जंतुसंसर्गावरही शस्त्रक्रिया हाच उपाय वाटू लागतो.

२०१९ मधील चौकशी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयीच्या बातम्या २०१९ च्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाल्या. राष्ट्रीय महिला आयोगाने याबाबत राज्य शासनाला नोटीस बजावली. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के, म्हणजे सहा स्त्रियांमागे एक असे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या जवळपास नोंदले गेले आहे. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत व वयोरचना वेगळी असली, तरी तफावत मोठी आहे.

या काळातील सार्वजनिक चर्चा मुख्यतः 'किती गर्भाशये काढली' या प्रश्नाभोवती फिरली. किती स्त्रियांचे अंडाशयही काढले गेले आणि त्यांपैकी किती जणींना नंतर संप्रेरक उपचार मिळाले, हा प्रश्न तुलनेने मागे राहिला. दीर्घकालीन आरोग्याच्या दृष्टीने तोच अधिक निर्णायक आहे. शस्त्रक्रियेनंतर कंबर व सांधे दुखणे, थकवा आणि गरम वाफा यांच्या तक्रारी अनेक स्त्रिया करतात. त्यांतील सर्व तक्रारी इस्ट्रोजेनच्या अभावामुळेच असतात असे नाही. कष्टाचे काम व रक्तक्षय हीदेखील कारणे असतात. परंतु अंडाशय शिल्लक आहेत की नाहीत हे ठाऊक नसल्यास अचूक निदान व उपचार शक्य होत नाहीत.

संप्रेरक उपचार

कमी वयात दोन्ही अंडाशय काढावे लागल्यास आणि विरुद्ध कारण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत केली जाते. हे औषध गोळी, त्वचेवर लावायचे जेल किंवा पट्टी या स्वरूपांत मिळते. त्वचेतून दिल्यास रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. केवळ योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी स्थानिक मलम पुरेसे ठरू शकते. गर्भाशय शाबूत असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन गटातील औषध द्यावेच लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोका वाढतो. गर्भाशय काढलेले असल्यास सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते.

या उपचाराविषयीच्या भीतीचे मूळ 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासात आहे. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात स्तनांचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या वाढल्याने अभ्यासाचा तो भाग २००२ साली मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. गर्भाशय काढलेल्या व एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांचा भाग २००४ साली थांबला. त्यात पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, परंतु स्तनांच्या कर्करोगात वाढ आढळली नाही. या अभ्यासातील स्त्रिया ५० ते ७९ वर्षे वयाच्या होत्या. म्हणून त्याचे निष्कर्ष पस्तिशीत अंडाशय गमावलेल्या स्त्रीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. साठीत नव्याने इस्ट्रोजेन सुरू करणे आणि शरीराला अपेक्षित असलेले संप्रेरक अकाली थांबल्यावर भरून देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्तनांचा कर्करोग, निदान न झालेला योनिमार्गातील रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असल्यास हे उपचार सहसा टाळले जातात. त्यामुळे ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घेणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियेला पर्याय

कर्करोग, मोठ्या व त्रासदायक गाठी, तीव्र अंगभ्रंश किंवा बाळंतपणातील जीवघेणा रक्तस्राव अशा प्रसंगी गर्भाशय काढणे योग्य ठरू शकते. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांत कर्करोग टाळण्यासाठी अंडाशयही काढले जातात. परंतु अंगावरून पांढरे जाणे, सामान्य जंतुसंसर्ग किंवा अनियमित पाळी ही शस्त्रक्रियेची पुरेशी कारणे नाहीत. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके, अतिरक्तस्रावावर ट्रानेक्झॅमिक आम्ल, संप्रेरकाच्या गोळ्या किंवा संप्रेरकयुक्त तांबी आणि रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या हे प्राथमिक उपचार होत.

भारतातच विकसित झालेले ऑर्मेलॉक्सिफेन हे औषध या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले हे औषध इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर निवडक परिणाम करते. गर्भाशयात ते इस्ट्रोजेनच्या विरोधात, तर हाडांत काही अंशी त्याच्यासारखे कार्य करते. १९९१ साली ते 'सहेली' या नावाने गर्भनिरोधक म्हणून बाजारात आले आणि पुढे 'छाया' या नावाने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात समाविष्ट झाले. ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावी लागते. गर्भाशयाच्या अतिरक्तस्रावावरही तज्ज्ञ हे औषध वापरतात.

आहार आणि सोयाबीन

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन व डेडझीन ही आयसोफ्लेव्होन गटातील द्रव्ये असतात. त्यांची रचना इस्ट्राडायॉलशी मिळतीजुळती असल्याने त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन म्हणतात. त्यांचा प्रभाव मात्र शरीरातील इस्ट्रोजेनपेक्षा बराच क्षीण असतो. गरम वाफांच्या लक्षणांवर त्यांचा मर्यादित उपयोग काही अभ्यासांत दिसला आहे. अंडाशय काढलेल्या स्त्रीसाठी ते औषधाला पर्याय ठरत नाहीत.

परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव लाभलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, एमएयूएस १५८ व एमएयूएस १६२ यांसारखे सोयाबीनचे वाण विकसित केले आहेत. तथापि मराठवाड्यात पिकणारे बहुतांश सोयाबीन तेल व पशुखाद्याच्या पेंडीसाठी जाते. तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात. त्यामुळे सोयाबीन पिकवणाऱ्या घरातही ते आहारात असतेच असे नाही.

हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पुरेशी प्रथिने महत्त्वाची आहेत. दूध, तीळ व नाचणी हे कॅल्शियमचे चांगले स्रोत होत. अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय झालेल्या स्त्रियांसाठी लोहयुक्त आहार आवश्यक असतो. याच विद्यापीठाने इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण लोह व जस्ताचे अधिक प्रमाण असलेला आहे. मात्र तीव्र रक्तक्षयात आहारासोबत औषधे घ्यावीच लागतात.

प्रतिबंधक उपाय

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय-शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. गोऱ्हे समितीने ऊसतोड कामगार स्त्रियांची आरोग्य तपासणी व कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहे यांसारख्या शिफारशी केल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत अंगीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. या तत्त्वांनुसार राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या अपेक्षित आहेत.

परवानगी व देखरेखीने शस्त्रक्रियांची संख्या मर्यादित राहू शकते. मूळ तक्रारींवर उपचार मिळण्यासाठी मात्र तालुका पातळीवर स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी व औषधे उपलब्ध असणे आवश्यक ठरते. परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यात तज्ज्ञसेवेचा विस्तार होण्यास वाव निर्माण झाला आहे.

शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास रोगाचे नेमके निदान, औषधोपचाराचे पर्याय आणि अंडाशय ठेवणार की काढणार, या तीन गोष्टी विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घेता येते. रुग्णालयातून घरी जाताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या अवयवाचा तपासणी अहवाल जपून ठेवणे महत्त्वाचे असते. अंडाशय काढले होते का, याचा पुढे अनेक वर्षांनी उपयोगी पडणारा लेखी पुरावा बहुधा तोच असतो. ज्या स्त्रियांची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली आहे, त्यांच्या बाबतीतही सोनोग्राफी व रक्ततपासणीने अंडाशयांची स्थिती बऱ्याच अंशी कळू शकते आणि त्यानुसार हाडांची तपासणी व उपचार सुरू करता येतात.